दगडीचा जंतू ओळखावा कसा?
कासेतील दुधाच्या नमुन्याची प्रयोगशाळेतील तपासणी

समजा, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात चार दुभत्या गाई आहेत. त्यांपैकी तांबड्या गाईच्या उजव्या बाजूचा मागचा सड सुजला. कासेचा तेवढा भाग हाताला कठीण लागू लागला आणि धार काढताना दुधात गुठळ्या दिसू लागल्या. शेजाऱ्याने सांगितले, 'दगडी झाली.' शेतकऱ्याने मागच्या वर्षी उरलेली औषधाची नळी सडात सोडली. दोन दिवसांत सूज उतरली, दूध साफ दिसू लागले आणि शेतकरी निश्चिंत झाला. तीन आठवड्यांनी तोच सड पुन्हा सुजला आणि आता शेजारच्या गाईच्या दुधातही गुठळ्या आल्या.

असे प्रसंग गावोगाव घडतात. ह्यात चूक औषध देण्याची नसून कोणत्या शत्रूवर औषध चालवावयाचे आहे, हे न पाहता ते देण्याची आहे. दगडी, म्हणजेच कासदाह, हा एकच रोग नव्हे. निरनिराळे जंतू कासेत शिरून सारखीच सूज आणतात. परंतु त्यांचे राहण्याचे ठिकाण, पसरण्याची रीत आणि त्यांवरील उपाय हे निरनिराळे असतात. म्हणून जंतूचे नाव कळणे अगत्याचे आहे. ह्या लेखात पुंजगोलाणू नावाच्या जंतूची ओळख प्रयोगशाळेत कशी पटवितात, त्याची माहिती दिली आहे. ही तपासणी प्रयोगशाळेतील तज्ज्ञच करतात हे खरे. पण तिचे यश गोठ्यात घेतलेल्या नमुन्यावर अवलंबून असते. तेव्हा ती समजून घेणे शेतकरी बंधूंच्या व ग्रामकार्यकर्त्यांच्या हिताचे आहे.

पुंजगोलाणू म्हणजे काय?

हे जंतू आकाराने गोल असतात. एका जंतूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे एक हजारांशाइतका असल्यामुळे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मात्र ते द्राक्षांच्या घडाप्रमाणे पुंजक्यांनी दिसतात, म्हणून त्यांना पुंजगोलाणू म्हणतात. स्कॉटलंडमधील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन ह्यांना हे पुंजके गळवांतील पुवात आढळले आणि १८८२ साली त्यांनी ह्या जंतूंना 'स्टॅफिलोकोकस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'स्टॅफिले' म्हणजे द्राक्षांचा घड आणि 'कोकस' म्हणजे दाणा. पुढे १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रोझेनबाख ह्यांनी हे जंतू शुद्ध स्वरूपात वाढविले व सोनेरी वसाहतीच्या जातीला 'ऑरियस' म्हणजे सोनेरी असे नाव दिले. आजही हा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस ह्याच नावाने ओळखला जातो. सोयीसाठी आपण त्यास सोनेरी पुंजगोलाणू म्हणू.

माणसाच्या गळवात, पिकलेल्या जखमेत आणि गाईच्या कासेत हाच सोनेरी जंतू सापडतो. म्हणून इस्पितळात पुवाचा नमुना ज्या रीतीने तपासतात, बव्हंशी त्याच रीतीने पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत दुधाचा नमुना तपासतात. ह्या जंतूचे अनेक सौम्य भाऊबंद जनावराच्या कातडीवर नेहमीच वस्ती करून असतात. सोनेरी जंतू कोणता व कातडीवरचे भाऊबंद कोणते, हे निवडून काढणे हेच तपासणीचे मुख्य काम होय.

नमुना घेण्याची रीत

प्रयोगशाळा कितीही चांगली असली, तरी मळक्या नमुन्यातून खरे उत्तर निघत नाही. शेणाचा एक कण किंवा ओल्या हातावरचा एक थेंब बाटलीत पडला, तरी त्यासोबत असंख्य परके जंतू आत जातात आणि कासेतील खरा जंतू त्यांच्या गर्दीत हरवतो. म्हणून पुढील गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात.

१. नमुना औषध देण्यापूर्वी घ्यावा. औषध सडात गेल्यावर जंतू दबून राहतो व तपासणीत दिसत नाही. औषध अगोदरच दिले असल्यास तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

२. प्रयोगशाळेतून किंवा दवाखान्यातून मिळालेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. घरातील औषधाची जुनी बाटली धुऊन घेऊ नये.

३. कास मळलेली असल्यास धुऊन पूर्ण कोरडी करावी. ओल्या कासेवरून मळकट पाणी सडाच्या टोकाशी उतरते. आपले हातही साबणाने धुऊन कोरडे करावेत.

४. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात. त्या गोठ्याच्या जमिनीवर सोडू नयेत.

५. सडाचे टोक सत्तर टक्के स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसावे. प्रत्येक सडास नवा बोळा घ्यावा व बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. चारही सडांचे नमुने घ्यावयाचे असल्यास आधी पलीकडचे दोन सड पुसावेत व मग अलीकडचे. नमुना घेताना ह्याच्या उलट, आधी अलीकडचे व मग पलीकडचे सड घ्यावेत, म्हणजे पुसलेल्या सडास बाही लागत नाही.

६. बाटली सडाखाली उभी धरू नये. ती आडवी कलती धरून धार आत सोडावी, म्हणजे कासेवरील केस व धूळ आत पडत नाहीत. बुचाची आतील बाजू बोटाला लागू देऊ नये. पाच ते दहा मिलिलिटर दूध पुरेसे होते.

७. बाटलीवर गाईची खूण, सडाची जागा, तारीख व वेळ लिहावी. चारही सडांचे दूध एकत्र करू नये. कासेचे चार भाग आतून वेगवेगळे असतात, तेव्हा कोणता भाग रोगी आहे ते कळले पाहिजे.

८. नमुना लगेच बर्फावर ठेवून शक्य तो त्याच दिवशी पोचवावा. उन्हात किंवा एस.टी.च्या टपावर ठेवलेल्या बाटलीत जंतू इतके वाढतात की तपासणी व्यर्थ जाते.

जनावरास ताप असेल व कास फार सुजली असेल, तर अहवालाची वाट पाहत औषध लांबवू नये. आधी नमुना घ्यावा आणि मग डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू करावेत. अहवाल आल्यावर औषध बदलता येते; औषध दिल्यानंतर नमुना मात्र पूर्वीसारखा मिळत नाही.

पहिला दिवस : जंतूंची पेरणी

आपल्या तांबड्या गाईचा नमुना आता प्रयोगशाळेत पोचला आहे, असे समजू. जंतू वाढविण्यासाठी तेथे झाकणाच्या काचेच्या बशा तयार असतात. त्यांत अगर नावाच्या पदार्थाचा थर असतो. समुद्रशेवाळापासून काढलेला हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्राससारखा थिजतो. त्यात जंतूंचे खाद्य व मेंढीचे सुमारे पाच टक्के रक्त मिसळतात. तारेचे कडे ज्योतीत लाल करून, निववून दुधात बुडवितात आणि ते बशीवर रेघा ओढीत फिरवितात. पाभरीने दाणे विरळ पडावेत, तसे जंतू ह्या रेघांवर सुटे पडतात. मग बशी ३७ अंश सेल्सियस उष्णतेच्या पेटीत ठेवितात. ही उष्णता अंगातील उबेच्या जवळपास असल्याने जंतू तेथे झपाट्याने वाढतात.

दुसरा दिवस : वसाहती, रंग आणि बुडबुडे

चोवीस तासांनी बशीवर मोहरीच्या दाण्याएवढे, दोन ते चार मिलिमीटरचे गोल ठिपके दिसू लागतात. साधारणतः एका जंतूपासून किंवा एका पुंजक्यापासून वाढलेली ही एकेक वसाहत असते. सोनेरी पुंजगोलाणूची वसाहत गोल, चकचकीत, किंचित उंच व मलईपासून सोनेरी रंगापर्यंतची असते. तिच्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडे पडते आणि पुष्कळदा त्याबाहेर दुसरे अंधुक कडेही दिसते. कासेतून आलेल्या जंतूंत हे दुहेरी कडे विशेष आढळते. परंतु रंगावर विसंबून चालत नाही; ह्या जातीच्या काही वसाहती पांढऱ्याही असतात.

ह्याच वेळी नमुन्याची परीक्षाही होते. एका सडाच्या दुधातून तीन किंवा अधिक तऱ्हेच्या वसाहती उगवल्या, तर नमुना मळला असे समजून पुन्हा मागवितात. गोठ्यातील दोन मिनिटांची हयगय येथे उघडी पडते व दोन दिवस फुकट जातात.

नंतर एका वसाहतीचा अंश काचपट्टीवर पसरून ग्रामची रंजनक्रिया करितात. ह्या 'ग्राम' शब्दाचा आपल्या गावाशी संबंध नाही. १८८४ साली ही पद्धत शोधणारे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हान्स क्रिश्चन ग्राम ह्यांचे ते आडनाव आहे. पट्टीवर आधी जांभळा रंग, मग आयोडीन घालतात, त्यानंतर अल्कोहोलने धुतात व शेवटी तांबडा रंग देतात. ज्यांच्या भिंती जाड असतात, ते जंतू जांभळा रंग सोडीत नाहीत. पुंजगोलाणू जांभळे व घडाघडांनी दिसतात. मालेप्रमाणे ओळीने दिसणारे गोल जंतू निराळे. त्यांना मालागोलाणू म्हणतात व तेही दगडी आणतात.

घड व माळ ह्यांचा भेद नेहमीच स्पष्ट दिसत नाही. म्हणून लगेच दुसरी कसोटी लावितात. काचपट्टीवर वसाहतीचा कण ठेवून त्यावर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडितात. पुंजगोलाणूत कॅटलेज नावाचे पाचकद्रव्य असल्यामुळे तत्काळ बुडबुडे उठतात. मालागोलाणूत ते नसल्याने बुडबुडे उठत नाहीत. ही कसोटी एका क्षणाची असली, तरी तिच्यात फसगत होऊ शकते. रक्तातही हेच द्रव्य असते. वसाहत उचलताना खालचे रक्त सोबत आले, तर मालागोलाणूचेही बुडबुडे दिसतील. म्हणून वसाहत वरच्यावर अलगद उचलावी लागते.

सोनेरी जंतूची खरी कसोटी : रक्तद्रव गोठविणे

आता जंतू पुंजगोलाणूच्या कुळातला आहे, एवढे ठरले. तो सोनेरी आहे की कातडीवरचा भाऊबंद, हे ठरविणारी मुख्य कसोटी म्हणजे कोॲग्युलेज चाचणी होय. सोनेरी जंतू कोॲग्युलेज नावाचे द्रव्य बाहेर टाकतो. त्यामुळे रक्तातील पातळ द्रव विरजणासारखा थिजतो.

हिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात काचपट्टीवर पाण्यात कालविलेल्या जंतूंत सशाच्या रक्तद्रवाचा थेंब मिसळतात. सुमारे दहा सेकंदांत गुठळ्या झाल्या, तर उत्तर होकारार्थी समजतात. हा प्रकार झटपट आहे, पण सोनेरी जंतूच्या काही वाणांत तो चुकतो. म्हणून नकार आल्यास नळीतील चाचणी करावीच लागते. ह्या दुसऱ्या प्रकारात पातळ केलेल्या रक्तद्रवात जंतू घालून नळी ३७ अंशांवर ठेवितात व ती अधूनमधून हलकेच कलती करून पाहतात. चार तासांच्या आत द्रव थिजला, तर जंतू गोठविणारा आहे. पाहणी चार तासांपर्यंत करण्याचे कारण महत्त्वाचे आहे. काही वाण आधी द्रव गोठवितात व नंतर दुसऱ्या द्रव्याने तो पुन्हा पातळ करितात. एकदम दुसऱ्या सकाळी नळी पाहणाऱ्यास तो जंतू निरुपद्रवी वाटेल. चार तासांत न थिजलेली नळी मात्र चोवीस तासांपर्यंत ठेवून पाहतात.

प्रत्येक वेळी शेजारी आणखी दोन नळ्या ठेवितात. एकीत खात्रीने गोठविणारा जंतू असतो व दुसरीत खात्रीने न गोठविणारा. वजन करण्यापूर्वी आपण तराजूची दोन्ही पारडी रिकामी धरून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

जोडीला मिठाच्या अगरावरही जंतू वाढवितात. त्यात साडेसात टक्के मीठ, मॅनिटॉल नावाची शर्करा व तांबडा सूचक रंग असतो. एवढ्या मिठात बहुतेक इतर जंतू तगत नाहीत, पुंजगोलाणू तगतात. सोनेरी जंतू मॅनिटॉल आंबवून आम्ल निर्माण करतो आणि तांबडा अगर पिवळा पडतो. पण काही भाऊबंदही हा रंगबदल करितात, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही. रक्तद्रव गोठविण्याचा गुणही सोनेरी जंतूखेरीज काही थोड्या जातींत आहे. कुत्र्यांत सापडणारी एक जात त्यांपैकी आहे. म्हणून तज्ज्ञ एका खुणेवर निवाडा न देता सर्व खुणा जुळवून पाहतात. मोठ्या प्रयोगशाळांत आता जंतूंतील प्रथिनांची ठेवण यंत्राने मोजून किंवा जनुकाची परीक्षा करूनही नाव निश्चित करितात.

तिसरा दिवस : कोणते औषध चालेल?

नाव कळल्यावर औषधांची परीक्षा होते. अगराच्या बशीवर जंतू सारखे पसरून त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवितात. १६ ते १८ तासांनी ज्या चकतीभोवती पुरेसे स्वच्छ वर्तुळ दिसते, त्या औषधाने जंतू मरतो किंवा त्याची वाढ थांबते. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून ठरलेल्या कोष्टकाशी ताडून पाहतात. मोठे वर्तुळ म्हणजे उत्तम औषध, असा अर्थ करू नये. प्रत्येक औषधाचे माप वेगळे असते.

ह्या परीक्षेची गरज इतिहासानेच दाखविली आहे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना पेनिसिलिनचा शोध पुंजगोलाणूंच्या बशीवरच लागला, कारण तेथे पडलेल्या बुरशीभोवतीचे जंतू विरघळले होते. त्याच जंतूच्या अनेक वाणांनी पुढे पेनिसिलिन फोडून टाकणारे द्रव्य तयार केले. १९६१ साली इंग्लंडमध्ये मेथिसिलिन ह्या नव्या औषधालाही दाद न देणारे वाण आढळले. अर्धवट मात्रा देणे व दूध साफ दिसताच औषध सोडणे, ह्यांमुळे असे हट्टी वाण निवडले जातात.

अहवाल हाती आल्यावर

तांबड्या गाईच्या अहवालात 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' असे नाव आले, तर शेतकऱ्यास तीन गोष्टी कळल्या.

पहिली, हा जंतू कासेच्या आत खोल दडतो. तो पेशींत व सूक्ष्म गळवांत लपतो आणि त्याभोवती कठीण पेशीजाल तयार होते. म्हणून बशीवर चालणारे औषधही कासेत नेहमी चालतेच असे नाही. नवा रोग, कोवळे वय व एकच सड असेल, तर बरे होण्याची आशा अधिक. जुना रोग, वयस्क गाय व दोन-तीन सड असतील, तर आशा कमी. सर्व सडांत औषध आटविण्याच्या काळी सोडावे काय, की गाय काढून टाकावी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

दुसरी, हा जंतू मुख्यतः धार काढण्याच्या वेळी पसरतो. हात, फडके व यंत्राच्या नळ्या त्याला एका कासेतून दुसऱ्या कासेत नेतात. शेजारच्या गाईस रोग जडला तो ह्याच वाटेने, असे मानण्यास जागा आहे. तेव्हा निरोगी गाईंची धार आधी काढावी आणि रोगी गाईची सर्वांत शेवटी. प्रत्येक गाईस वेगळे फडके, धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडविणे आणि बोटे दुधात ओली न करणे, हे नियम पाळावेत.

तिसरी, एकदा 'जंतू आढळला नाही' असा अहवाल आला म्हणजे गाय निर्दोष ठरत नाही. हा जंतू दुधात रोज उतरत नाही. संशय असल्यास काही दिवसांच्या अंतराने नमुना पुन्हा तपासावा.

घरच्या माणसांचाही विचार ह्यात आहे. १९१४ साली फिलिपाईन्समध्ये बार्बर नावाच्या शास्त्रज्ञाने दगडी झालेल्या गाईचे, न थंडावता ठेवलेले दूध स्वतः पिऊन पाहिले व उलट्यांचे मूळ पुंजगोलाणूंच्या विषात असल्याचे दाखविले. दूध उकळल्याने जंतू मरतो. पण ते उबेत राहून त्यात विष तयार झालेले असल्यास ते विष उकळण्याने जात नाही. म्हणून रोगी सडाचे दूध घरात वापरू नये, डेअरीत घालू नये. औषध दिल्यावर वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत त्या गाईचे दूध विकू नये. ज्याच्या हातावर गळू किंवा पिकलेली जखम आहे, त्याने धार काढू नये.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

सर्व गाईंची तपासणी प्रयोगशाळेत करणे शक्य नाही. गोठ्यातच करता येईल अशी कॅलिफोर्निया चाचणी १९५७ सालापासून प्रचारात आहे. चार खळगे असलेल्या तबकात प्रत्येक सडाचे थोडे दूध व तितकेच चाचणीचे द्रावण घेऊन फिरविले, की रोगी सडाचे दूध लिबलिबीत घट्ट होते. ही चाचणी सूज दाखविते, जंतूचे नाव सांगत नाही. तिने संशयित सड शोधावा व त्याचाच नमुना धाडावा. नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत, किंवा पुण्यात औंध येथे असलेल्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठविण्याची व्यवस्था दवाखान्यातून विचारून घ्यावी.

ध्यानात ठेवण्याजोगे

औषधापूर्वी नमुना, कोरडी कास, प्रत्येक सडाची वेगळी बाटली व बर्फ, ह्या चार गोष्टी शेतकऱ्याच्या हाती आहेत. बुडबुडे, घड व थिजलेला रक्तद्रव ह्या खुणा प्रयोगशाळा पाहील. दोघांनी आपापले काम नीट केले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रोगाचे नाव कळते. तांबड्या गाईचा सड कदाचित वाचणार नाही. पण गोठ्यातील उरलेल्या गाईंच्या कासा वाचविण्याची संधी त्या एका बाटलीने मिळते.